दारामागचा खडू

मी नागावला घरी बसून काम करते, आणि चोख करते. न्हावा शेवा बंदरात जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांना वेळ ठरवून देणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. त्यात कुणी बदल केला की सर्व्हरवर आपोआप एक जॉब चालतो. आधी तयारीची स्क्रिप्ट तात्पुरता डेटाबेस उभा करते, मग चाचण्या होतात, शेवटी आवराआवरीची स्क्रिप्ट तो डेटाबेस पुसते. हे सगळं मीच लिहिलेलं.

म्हणून सर्व्हरची डिस्क गच्च भरून सगळे जॉब अडकले, तेव्हा साहेबांचा फोन मलाच आला. सोमवारपासून ऑफिसात येऊन डोळ्यांसमोर काम कर, म्हणाले. मी सरळ सर्व्हरवर खापर फोडलं. माझे जॉब तर हिरवे दिसत होते, म्हणजे पास! फोन ठेवला आणि रडूच आलं. ऑफिस म्हणजे नागाव सोडणं, शहरात भाड्याची खोली आणि इथली माझी खोली पाहुण्यांना.

आई वाडीतल्या खोल्या पाहुण्यांना देते. माणसं जास्त असली की शेजारून गाद्या, पंखे आणते. पाहुणे निघतात तेव्हा ती बाजारात असते, आणि आवरायला कामाच्या मावशी मागच्या दाराने येतात. म्हणून काय परत करायचं ते आई दारामागे खडूने लिहून ठेवते: दोन गाद्या, एक पंखा, शेजारच्यांचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लिहीत होती, आणि मी उगाच चिडून म्हटलं, तोंडी सांगायला काय होतं?

"ती येते तेव्हा मी घरात असते का? तिला काय स्वप्न पडणार आहे?"

मी चहा तसाच टाकून लॅपटॉप उघडला. अगं बाई, माझीही आवराआवरी मागच्या दारानेच येत होती! ती स्क्रिप्ट नव्या शेलमध्ये, म्हणजे कोऱ्या पाटीने, चालते. तयारीने लक्षात ठेवलेलं डेटाबेसचं नाव तिच्यापर्यंत पोचतच नाही. नावच नाही तर पुसणार काय? काही न पुसता ती निघून जायची, आणि ती फसली तरी जॉब हिरवाच राहायचा. जुने डेटाबेस सगळे तिथेच साठले होते.

तयारीने नाव फाइलमध्ये लिहायचं, आवराआवरीने ते वाचायचं. दोन ओळींचं काम. साहेबांना फोन करून सांगितलं की सर्व्हरचा दोष नव्हता, चूक माझी होती. मग स्क्रीन शेअर करून त्यांच्यासमोर एक चाचणी मुद्दाम पाडली. जॉब लाल झाला, तरी डेटाबेस पुसला गेला.  साहेब म्हणाले, सोमवारी यायची गरज नाही.

आई बाजारातून परतल्यावर तिला सांगायला उठले आणि माझ्याच खोलीचं दार लोटलं. मागे खडूने लिहिलं होतं: ही खोली कुणाला द्यायची नाही.

हे कधी लिहिलंस, मी विचारलं.

"तुझ्या साहेबांचा फोन आला ना, तेव्हाच," आई म्हणाली, आणि मावशींना गाद्या उचलू लागली.