चुंबकाचे उपचार आणि आई

गोळ्या बदलून बदलून काही उपयोग होईना, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या नैराश्यावर चुंबकाचे उपचार सुचवले. आई पुण्याहून आयर्लंडमध्ये, लिक्सलिपला माझ्याकडे आली होती.

"म्हणजे शॉकच ना?" तिने घाबरून विचारलं.

"नाही गं, शॉकला भूल देतात. यात मी पूर्ण जागी असते."

रोज डब्लिनच्या दवाखान्यात यंत्र माझ्या कपाळाशी टकटक करायचं आणि जबडा आपोआप आवळायचा. आई बाहेर जप करत बसायची. कित्येक आठवडे काहीच बदललं नाही.

एका सकाळी आईने माझ्या चहाला नावं ठेवली आणि मी तिच्यावर चक्क ओरडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ओरड," ती म्हणाली, "किती दिवसांत तू साधी चिडलीही नव्हतीस."

संध्याकाळपर्यंत मन पुन्हा बधिर झालं. तरी दुसऱ्या दिवशी, आईने न उठवता, मी दवाखान्यात जायला तयार झाले.