चिठ्ठ्या आणि दाखला

अनंताच्या संगणकाच्या कडेला त्याने चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. कर सल्लागार म्हणून आम्ही दोघांनी वीस वर्षं एकाच खोलीत काम केलं. सरकारी संकेतस्थळ बदललं की नवी वाट तो शोधायचा आणि माझ्यासाठी बारीक अक्षरात लिहून ठेवायचा, 'आधी डावीकडचं बटण. घाई करू नये.' गेल्या आठवड्यात ते पुन्हा बदललं. आता त्यातली एकही चिठ्ठी उपयोगाची नाही.

आज त्याचंच शेवटचं विवरणपत्र भरायचं होतं. त्यासाठी वहिनींची वारस म्हणून नोंद व्हावी लागते. आधी दोनदा केलेला अर्ज नव्या संकेतस्थळावर दिसेना. वरती मात्र एका हसऱ्या बाईचं चित्र आणि शेजारी ओळ, 'आता अधिक सोपे.' ही ओळ लिहिणाऱ्याने मित्राच्या बायकोला समोर बसवून हा अर्ज कधी भरला आहे का? रंग, बटणं, पानं सगळं बदलायला यांना सवड मिळते. माणूस गेला, एवढं मात्र लक्षात राहत नाही.

वहिनींनी पर्समधून मृत्यूचा दाखला काढला. घड्यांवर तो फाटायला आला आहे.

"भाऊजी, हे गेले म्हणून मी यांना किती वेळा सांगायचं?"

मी दाखला जोडला. बराच वेळ चकती फिरली, मग ओळ आली, 'वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा.'

मी पहिल्या पानावर गेलो, अनंताचं नाव लिहिलं आणि पुढच्या चौकटीत पुन्हा 'मृत' निवडलं.