पुढच्या दाराचा पाहुणा

खळ दिलेला जाळीचा पडदा लुडमिला होर्नाकबाईंनी वाळवायच्या लाकडी चौकटीच्या टाचण्यांवर निम्माच ताणला होता, तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली. काचकारखान्याच्या त्या गल्लीत पुढचं दार तिघांसाठीच उघडायचं: घराला आशीर्वाद द्यायला येणारे फादर, डॉक्टर आणि शवपेटी. बाकी सगळं जग मागून, स्वयंपाकघरातून यायचं.

दाराच्या फटीतून काळा कोट दिसला, हातात टोपी. नवरा आंद्रेय भट्टीवर गेलेला. बाई तिथंच गुडघ्यांवर बसल्या आणि प्रार्थना पुटपुटू लागल्या.

"होर्नाकबाई, मी विन्स्लो थेयर. व्हेरोनाला मागणी घालायला आलोय."

कारखान्याच्या मालकांचा धाकटा मुलगा. बाईंची लेक व्हेरोना त्यांच्या बंगल्यावर इस्त्रीला जायची. 'आई हो म्हणाली तरच,' असं तिनं त्याला बजावलं होतं. ठरलं होतं रविवारचं. हा शनिवारीच टपकला.

"आधी सांगा, माझा नवरा धड आहे ना?"

"हो, आत्ताच तर भट्टीवर दिसले."

"मग मागच्या दारानं या."

त्याच्या बंगल्यावर मागचं दार फक्त बर्फवाल्याचं नि धोबिणीचं. पोराला हा नकारच वाटला आणि तो पायऱ्या उतरला.

पुढची घंटा ऐकून शेजारच्या बालोगबाई काळा रुमाल बांधूनच धावत आल्या. "कोण गेलं गं?"

"कुणी नाही. जावई चाललाय, अडव त्याला."

"मग मेला पुढून का आला?"

"श्रीमंताघरचा. त्याला कोण शिकवणार?"

बालोगबाईंनी त्याला बाहीला धरून कोबीच्या वाफ्यातून आत आणलं. "घरचं माणूस इथून येतं, बाबा."

लुडमिलाबाईंनी त्याच्या हातात पडद्याचं टोक दिलं. टाचणी टोचली, तरी त्यानं सोडलं नाही.

"तुमच्याकडे मी कुठल्या दारानं यायचं?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, "आई काय म्हणेल, सांगता येत नाही. पण तुम्ही ज्या दारानं याल, त्याच दारानं मीही येईन."

"गोड बोलला असतास, तर हाकललं असतं," बाई म्हणाल्या. "माझा होकार आहे."

शेवटची टाचणी लावून त्यांनी डोक्याला रुमाल बांधला. पोरगा ख्रिस्ती, पण दुसऱ्या पंथाचा. असं लग्न आपल्या चर्चमध्ये लागेल का, हे विचारायला फादर गाबोरांकडे जायचं होतं.