कांद्याच्या वाफ्यात अंगदराव

औशाच्या बाजारात अंगदरावांचं खता-बियाण्याचं दुकान आहे. यंदा फवारणीच्या औषधाचं टार्गेट गाठलं म्हणून कंपनीनं त्यांना बायकोसकट बालीला नेलं. त्यांच्या बायकोला, सिंधुला, त्याचं कौतुक नव्हतं. नवऱ्यानं कुणाच्या गळ्यात काय मारून टार्गेट गाठलं, ते ती गल्ल्यावर बसून बघत आली होती.

एके सकाळी बसनं त्यांना ज्वालामुखीच्या तळ्याकाठी सोडलं. काळा डोंगर, त्याच्या अंगावर थिजलेला लाव्हा, पायथ्याशी निळंशार पाणी. सिंधु बघतच राहिली. अंगदरावांनी डोंगराकडं पाठ केली आणि स्वतःचे फोटो काढले.

"आपलं धरण ह्याच्याहून मोठं हाय," ते म्हणाले. "लोक उगंच बोंबलायलेत."

जेवण पाण्यावर तरंगणाऱ्या हॉटेलात होतं. निखाऱ्यावर भाजलेला अख्खा मासा समोर आला. अंगदरावांनी नाक मुरडलं, पिशवीतून दशम्या आणि शेंगाची चटणी काढली आणि वाढणाऱ्या बाईला हिंदीत सुनावलं, "खाना बनाना सीखो जरा!"

तिला काही कळलं नाही. ती हसली.

"बघ, कशी खूश झाली."

मटणाच्या पंगतीत नळी दुसऱ्याच्या ताटात गेली म्हणून रुसणारा हा माणूस इथं सोवळा झाला होता. सिंधुनं आपला मासा काट्यापर्यंत साफ केला. मग त्यांचाही ओढून घेतला.

हॉटेलामागं तळ्याच्या कडेनं कांद्याचे वाफे होते. एक बाई खुरपत बसली होती. अंगदराव उठले, सिंधुच्या हाती मोबाईल दिला.

"चल, व्हिडिओ काढ. विदेशी शेतकऱ्याला मार्गदर्शन!"

बूट घालून ते थेट वाफ्यात शिरले. "फवारा मारो, फवारा!" म्हणत त्यांनी एक रोप उपटून नाचवलं. ती बाई ओरडत धावत आली. अंगदरावांनी तिला हसून नमस्कार केला.

"काढलास का?"

"न्हाई. कांद्यावर उभे हायत तुमी. बाहेर या आधी."

"आगं, आपल्याला काय? दुसऱ्याचं रान हाय."

इतकी वर्षं सिंधु असल्या वागण्याला धंदा म्हणत आली होती. आज तिला त्या माणसाची नुसती शिसारी आली. तिनं मोबाईल त्यांच्या हातात कोंबला, चपला काढल्या, वरंब्यावरून आत गेली आणि आडवी झालेली रोपं उभी करून बुडाशी माती दाबू लागली. ती बाई आधी तणतणली, मग शेजारी बसून तेच करू लागली. अंगदरावांनी सहलीत सोबत आलेल्या उदगीरच्या एका दुकानदाराला हाक मारली आणि पुन्हा वाफ्यात उभे राहून हवा तसा फोटो काढून घेतला.

महिन्याभरात तो फोटो दुकानावर फ्लेक्स होऊन चढला: 'आंतरराष्ट्रीय कृषी मार्गदर्शक'. बियाणं न्यायला आलेली चांगुणाबाई मान वर करून बघत राहिली.

"वैनी, मालकाच्या मागं ह्या वाकलेल्या बाया कोन वो?"

"एक मी हाय."

"आन् मालक काय करायलेत?"

"तुडवायलेत."

चांगुणाबाईनं तोंडाला पदर लावला. सिंधु हसली नाही. आत अंगदराव एका गिऱ्हाइकाला बालीचे लोक शेतीत कुठं चुकतात ते समजावून सांगत होते.