पूजेआधीची गोळी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

मला थायरॉईड आहे, कमी काम करणारा. लग्नाआधीच, माहेरी अमरावतीला निघाला. आई म्हणाली, स्थळाला सांगू नकोस, रोजची गोळी म्हटली की लोक फिरतात. मी ऐकलं. तेवढा दोष हवं तर आईचा म्हणा. पुढचा माझा आहे.

ही गोळी उपाशीपोटी घ्यायची, वर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. आणि अकोल्याच्या सासरी डोळे उघडले की हातात कप! म्हणून मी ठोकून दिलं — पूजा झाल्याशिवाय मी चहा घेत नाही. गोळ्या कापराच्या डबीत. घरभर कौतुक, केवढी धार्मिक सून! आणि मी ते मिरवलंसुद्धा.

मग धाकटी जाऊ आली, सुषमा. वर्षभरात तिचा चेहरा सुजला, केसांचे पुंजके निघू लागले. मे महिन्यात — अकोल्याच्या मे महिन्यात! — थंडी वाजते म्हणून ती कूलरसमोरून उठायची. सकाळी तर उठवतच नसे. सासूबाई रोज सुनवायच्या, "मोठीले पाह्य, पूजेबिगर चहाले शिवत नाही. अन् तू काहून लोळून राहिली?"

मला कळलं नसेल? हे सगळं मी स्वतः भोगलं होतं. "एकदा रक्त तपासून घे" — एवढंच म्हणायचं होतं. पण तुला कसं माहीत, असं कुणी विचारलं असतं तर? फसवून लग्न केलं म्हणाले असते. माझा मोठेपणा गेला असता. इतकं क्षुद्र कारण — स्वतःचाच संताप येतो! दोन वर्षं मी रोज तिला बसणारी बोलणी ऐकली आणि निरांजन पुसत बसले.

मग तिला दिवस गेले. चौथ्या महिन्यात मूल गेलं. तेव्हा कुठे रक्त तपासलं. आधी कळलं असतं तर कदाचित राहिलं असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कदाचित — त्या एका शब्दाला मी किती दिवस धरून बसले!

दवाखान्यातून आल्या आल्या सुषमा माझ्या गळ्यात पडली. "ताई, साऱ्यायनं मले आळशी म्हणलं. एक तुमीच कधी म्हणलं नाही."

मी तिचे डोळे पुसले. रडू नको म्हणाले. दुसरं काही बोलले नाही. आजही काही दुखलंखुपलं की ती आधी माझ्याकडेच येते.