जाळीबाहेरची मुंगी

आज सकाळी परसातल्या ओट्यावर चहा घेत बसले होते. जाळीच्या बाहेरून एक मुंगी वर चढत होती. जरा चालायची, थांबायची, आत शिरायला कुठे जागा मिळते का बघायची आणि पुन्हा चालू लागायची.

हा ओटा मी आईसाठी बांधून घेतला. अंथरुणाला खिळलेल्या आईला परसातला शेवगा दिसायला हवा होता, पण डास चावायला नको होते. म्हणून सुताराच्या मागे लागून सगळीकडून बारीक जाळी ठोकून घेतली. दाराखाली रबराची पट्टीही लावली. आई हसली. "अगं, मुंगीला तरी वाट ठेव," म्हणाली. मी ठेवली नाही.

आई तिथेच गेली. जे यायला नको होतं, ते त्या जाळीतूनही आलं.

त्या जागी मावशीने दिवा लावला, शेजारी ताटात पीठ पसरलं आणि वर टोपली झाकली. गेलेलं माणूस ज्या जन्माला जातं, त्याची पावलं पिठावर उमटतात, असं आमच्याकडे मानतात. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी टोपली उचलायला मीच पुढे होते.

पीठ जसंच्या तसं होतं. "काहीच उमटलं नाही गं," मावशी म्हणाली. माझी नजर दाराखालच्या पट्टीवर गेली.

आज उठून मी ती पट्टी उपटून काढली, दार सताड उघडलं. वळून पाहिलं, तर जाळीवर मुंगी नव्हती.