बक्षिसाचा गोठा

माझे वडील श्रद्धाळू होते, पण त्याआधी ते फिटर होते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात ते माग दुरुस्त करत, आणि जगातली कुठलीही गोष्ट मोटर लावली की सुधारते असं त्यांचं ठाम मत होतं. ऐंशीच्या दशकात आमच्या ख्रिस्ती मंडळींमध्ये गोठ्यांची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा हे मत त्यांनी बाळ येशूच्या जन्मालाही लागू केलं.

गोठा म्हणजे नाताळात आमच्या घरोघरी मांडतात तो देखावा. मरिया, योसेफ, चार मेंढरं, गव्हाणीत बाळ. बेथलेहेमात त्या दोघांना धर्मशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून बाळ गोठ्यात जन्मलं. चिखलात बुडवून वाळवलेल्या गोणपाटाचे डोंगर, थाळीत पेरून उगवलेल्या नाचणीचं गवत आणि दाढीच्या आरशाचं तळं. आमचा गोठा पूर्वी एका ट्रंकेवर मावायचा, आणि बाबांना दाढी करायची असली की तळं तेवढ्यापुरतं उचललं जायचं.

स्पर्धेच्या पहिल्या वर्षी वसईकडच्या एका कुटुंबाने खऱ्या पाण्याचा धबधबा केला आणि भिंतीवरचं घड्याळ जिंकलं. बाबा तो धबधबा बघून आले आणि जेवले नाहीत. "बेथलेहेमात धबधबा कुठे होता?" एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी फिरती पवनचक्की केली. ती तरी बेथलेहेमात कुठे होती, असं आईने विचारलं नाही, कारण तिला घरात शांतता हवी होती. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, प्लॅस्टिकचा जग. त्या जगातून पाणी प्यायला आम्हाला बंदी होती.

तिसऱ्या वर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या एका रविवारी फादरांनी प्रवचन केलं. नाताळ आता बाजारात हरवला आहे, म्हणाले. आपण सजावट करतो, मिरवतो, शेजाऱ्याच्या वर जायला बघतो, आणि ज्याचा जन्म साजरा करायचा त्याला पाठ दाखवतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "आज फादर फार छान बोलले," आणि तिथूनच परस्पर वायर आणायला गेले.

त्या वर्षी गोठ्याने आमची बाहेरची खोली घेतली. सगळी. आमच्या चाळीत प्रत्येकाला दोनच खोल्या होत्या. आतल्या खोलीत स्वयंपाक व्हायचा, बाहेरची बाकी सगळ्यासाठी. बाबांनी पलंग शेजारच्या खोलीतल्या उत्तरेकडच्या कामगारांकडे नेऊन ठेवला. त्यांना आनंदच झाला. ते तीन पाळ्यांत कामाला जात, त्यामुळे पलंग दिवसरात्र कधी रिकामा राहिला नाही. मग छताला टेकणारा डोंगर आला. टेबलफॅन उघडून त्याच्या मोटरवर बेथलेहेमचा तारा फिरता केला. मागाच्या जुन्या पट्ट्यावर बाळाच्या दर्शनाला निघालेले तीन राजे उंटांसकट बसवले, ते दाराकडून गव्हाणीकडे सरकायचे. बेथलेहेमात बर्फ पडतो की नाही ते आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं, पण बोईसरात त्या वर्षी कापसाचा पडला. जमिनीवर पेंढा अंथरला, चांगला वीतभर जाड. आम्ही चौघं स्वयंपाकघरात आडवेतिडवे झोपायला लागलो.

"आणि बाय कुठे निजणार?" आईने विचारलं.

बाय म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. आईवडील लवकर गेले तेव्हा बाबा लहान होते. आत्याने शाळा सोडली, दुसऱ्यांच्या वाड्यांत फुलं खुडली, बोंबील वाळवले, आणि बाबांना शिकवून फिटर केलं. लग्न राहून गेलं ते गेलंच. चिंचणीच्या पुढे तिचं एकखणी घर होतं, दोन शेळ्या होत्या. तिच्या आसपास ख्रिस्ती घर दुसरं नव्हतं, म्हणून तिचा नाताळ आमच्याकडे. दरवर्षी आदल्या दिवशी ती नारळ आणि तांदळाचं पीठ घेऊन यायची, तळायच्या फुग्यांचं पीठ स्वतः मळायची, बाहेरच्या खोलीत निजायची आणि सकाळी चर्चमध्ये मिस्सेला सगळ्यांच्या पुढे जाऊन बसायची. वर्षातला हा एकच सण तिला माणसांत मिळायचा.

"बघू," बाबा म्हणाले. मग त्यांनी तिकडून बोईसरच्या बाजारात येणाऱ्या एका मासळीवालीजवळ निरोप दिला: यंदा जागा नाही, बायने नाताळ झाल्यावर यावं. हे देवाचं काम आहे, ती समजून घेईल, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. मला त्या दिवशी बाबांचा इतका राग आला की मी नाचणीच्या गवताला पाणी घातलं नाही. गवताला काही झालं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आत्या दारात उभी. डोक्यावर पिशवी, पिशवीत नारळ.

"बाय, निरोप नाही मिळाला?" बाबांनी विचारलं.

"भेटला ना. जागा नाय म्हनून सांगितलंस." तिने पिशवी खाली ठेवली. "मना कितीशी जागा लागते?"

 बाबांनी तिला उंट दाखवले. तिने ते मनापासून पाहिले, दोनदा मागेपुढे सरकवायला लावले. मग आत जाऊन पीठ मळलं, आमच्याबरोबर जेवली, आणि आईने ओट्याखालची भांडी सरकवून तिच्यासाठी गोधडी घालायला घेतली तर म्हणाली, "तू काम कर. मी बघतंय माजा." बाबा तेव्हा ताऱ्यासाठी जास्त उजेडाचा बल्ब आणायला गेले होते. आत्याने बाहेरच्या खोलीत नीट पाहणी केली. दोन मेंढरं उचलून तिने डोंगराशी ठेवली, एक मेंढपाळ सरकवला, आणि गव्हाणीच्या बाजूला पेंढ्यावर आडवी झाली. पदर तोंडावर घेतला. पहाटेपासून उठलेली बाई, लगेच घोरायला लागली.

बाबा परतले ते परीक्षकांना वाटेत भेटून, त्यांच्यासोबतच. फादर होते, आणि एका कारखान्यातले साहेब, खांद्यावर स्वेटर टाकलेले. दिवेलागण झाली होती. बाबांनी दारातूनच हात आत घालून बटण दाबलं, आणि त्याच क्षणी वीज गेली. आमच्या भागात ती त्या वेळेला बहुतेक रोज जायची. हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण बाबांच्या मते नाताळला ती जाणार नव्हती. तारा फिरला नाही. राजे होते तिथेच, अर्ध्या वाटेत राहिले. साहेबांनी बॅटरी पेटवली. उजेडाचा गोल डोंगरावरून, बर्फावरून, मेंढरांवरून उतरत गव्हाणीपाशी आला आणि आत्याच्या सुरकुतलेल्या तळपायांवर थांबला.

आत्या कोपरावर उठून बसली. डोक्यात पेंढा.

"मावशी, तुम्ही इथे कशा?" फादरांनी विचारलं.

"घरात जागा नाय, फादर," आत्या म्हणाली. तक्रार अशी नव्हती, विचारलं म्हणून सांगितलं. "हितं हाय."

 बाबांचा हात अजून बटणावर होता. मग साहेब म्हणाले, "वा! जिवंत देखावा! फार सुंदर कल्पना." बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे बघत होती. त्या वेळी त्यांनी खरं सांगायला हवं होतं, आणि ते सांगणार नाहीत हे तिला कळलं होतं. फादर आत्याला म्हणाले, "निजा तुम्ही," आणि चपला न वाजवता बाहेर गेले.

सकाळी मिस्सेनंतर निकाल लागला. यांत्रिक करामतींच्या मोहात न पडता नाताळचा साधेपणा दाखवल्याबद्दल पहिलं बक्षीस आम्हाला. साहेबांनीच ते जाहीर केलं. बाबा घड्याळ घ्यायला पुढे गेले तेव्हा त्यांचा चेहरा मयताला निघालेल्या माणसासारखा होता. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, पण सगळ्यांत जास्त आत्याने, पुढच्या रांगेतून. शेजारच्या बाईला ती सांगत होती, "माजा भाव हाय तो."

 घरी आल्यावर बाबांनी मिस्सेचे कपडेही बदलले नाहीत. बाह्या वर केल्या आणि डोंगर मोडायला घेतला.

"तीन राजांच्या सणाआधी गोठा मोडत नाहीत," आई म्हणाली. तो सण सहा जानेवारीला येतो, आमच्यात तशी रीतच आहे, आणि राजे तर अजून पोचलेही नव्हते.

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

बर्फ गोणीत गेला. फॅन पुन्हा फॅन झाला, पण नंतर तो कधी सरळ फिरला नाही. बाबा शेजारी पलंग मागायला गेले. रात्रपाळीचा कामगार त्यावर झोपला होता. तो उठला, एक बाजू धरली आणि म्हणाला, "माताजी आयी हैं? तो कल ही बोल देते, भाईसाब." बाबांनी दुसरी बाजू धरली.

पलंग जागेवर आल्यावर बाबा आत्यापुढे उभे राहिले. घड्याळ त्यांच्या हातात होतं. "बाय, चुकलं माझं. हे तुझं आहे."

"मना काय करायचाय? मी कोंबड्यावर उठते," आत्या म्हणाली. "उंट कशाला काढलंस रे? बरं हुतं." तिला खरंच वाईट वाटलं होतं. बाबा तिच्या शेजारी पलंगावर बसले आणि रडले. आम्ही त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणून मी आणि माझा भाऊ बघत राहिलो, आणि आईने आम्हाला हाताला धरून आत नेलं.

दुपारी बक्षीस मिळालेला गोठा बघायला लोक यायला लागले. वसईकडचं ते धबधब्याचं कुटुंब सगळ्यांत आधी आलं, मुलाबाळांसकट. बाबा दारात स्टूल टाकून बसले होते. "हळू," ते प्रत्येकाला सांगत, "बाय निजली आहे." लोक चवड्यावर उभं राहून त्यांच्या खांद्यावरून आत बघत. रिकामी खोली, मध्ये पलंग, पलंगावर घोरणारी म्हातारी. बक्षीस कशाला मिळालं हे कुणी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही. बाळ येशूला आत्याने गव्हाणीतून उचलून आपल्या उशाशी घेतलं होतं. त्यालाही फारशी जागा लागत नव्हती.